‘शाश्वत आदरातिथ्य’ला दुसरा शब्द सुचवा

प्रश्न : नाशिकच्या गंगापूर धरणाच्या अंगाला मैत्रिणीचा मळा आहे. तिथे तिने राहायला येणाऱ्यांसाठी चार खोल्या बांधल्यात. ताटात मळ्यातलंच, रांधायला गावातल्याच बायका, आणि पहाटे ज्याला ध्यानाला बसायचं त्याच्यासाठी विहिरीजवळचा पार. पाटीवर ‘शाश्वत आदरातिथ्य’ लिहायचं चाललंय. मला ते जिभेवर रुळत नाही.

उत्तर : न रुळण्याचं कारण आहे. ‘आदरातिथ्य’ आभाराच्या भाषणातलं, घरात आपण ‘पाहुणचार’ म्हणतो. आणि ‘शाश्वत’ म्हणजे कायम टिकणारं. तुमच्या मैत्रिणीला सांगायचंय ते वेगळं : खावं, पण मूळ संपू नये.

यासाठीचा शब्द नाशिकमध्येच दगडात कोरलेला आहे. पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात, ओसरीच्या भिंतीवर, नहपान या प्राचीन क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ‘अक्षयनीवी’, म्हणजे मुद्दल कधी न संपणारी ठेव, म्हणून नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले : २००० एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे, शेकडा पाऊणने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात एका जागी, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. मुद्दलाबद्दल शब्द आहे ‘वढिभोजा’, म्हणजे फक्त वाढ खायची. हीच ‘वढि’ आपल्या ‘वाढीदिढी’त (धान्य उसनं देऊन वाढीसकट परत घेणं) अजून जिवंत आहे!

तिथेच दुसरा लेख : ४००० कार्षापणांना शेत विकत घेतलं, त्यातून लेण्यात राहणाऱ्या, चारी दिशांनी आलेल्या भिक्षूंचा ‘मुखाहार’, म्हणजे जेवणखाण, व्हावा. शेत, गावचे कारागीर, ध्यानाला बसलेला माणूस, सगळं एका ओसरीत. मला ते वाचताना दरवेळी भरून येतं. शिवाय ‘लेणं’ हाच शब्द ‘लयन’वरून, म्हणजे विसाव्याची जागा. (अंगावरचं लेणं वेगळं, ते ‘लेणे’ या क्रियापदाचं.)

आणखी एक वाचक : लेख सुंदर, पण ‘पाहुणचार’ला माझी हरकत आहे. पाहुण्याकडून कोणी पैसे घेतं का? पैसे घेतले की तो गिऱ्हाईक. ‘मुक्काम’ म्हणा, त्यात पैशाचा संकोच नाही.

उत्तर : हरकत रास्त आहे. पण पंचवटीत बघा. तीर्थोपाध्यायांच्या घरी जो उतरतो, जेवतो आणि दक्षिणा देऊन जातो, त्याला तिथे ‘यजमान’ म्हणतात. बाहेर यजमान म्हणजे ज्याच्या घरी आपण जातो तो, इथे मात्र येणारा. मूळ अर्थ हाच : स्वतःसाठी यज्ञ करणारा, खर्च ज्याचा तो. गुरुजी नामावळीची वही उघडतात, पणजोबांच्या हातची सही दाखवतात, आणि आलेला माणूस त्याखाली आपली सही करतो. पैसे दिले म्हणून तो गिऱ्हाईक होत नाही, कारण त्याचा नातू पुन्हा त्याच घरी उतरणार असतो. तेव्हा पैशापेक्षा ओळख धरून ठेवली जाते का, यावर शब्द ठरवावा असं मला वाटतं.

प्रश्नकर्ती : मैत्रिणीला वाचून दाखवलं. पाटीवर ‘मळ्यातला मुक्काम’ येणार. आणि ओसरीत एक जाड वही ठेवायची ठरलीय, पुढची पानं कोरी. तिला ‘नामावळी’च म्हणावं का, की तो तीर्थातलाच शब्द राहू द्यावा?