मदत हवी आहे: पोलीस, १०८, अग्निशमनवाल्यांचा सत्कार करायचा आहे. माणसं कशी निवडायची, परवानगी कुणाची घ्यायची?

मलप्रभाकाठ:

नमस्कार मंडळी.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. आमच्या सेवा क्लबात यंदा व्होकेशनल सर्व्हिसचं काम माझ्याकडे आलंय, म्हणजे आपापल्या कामात चोख असणाऱ्या माणसांचा गौरव करायचा. पोलीस, अग्निशमन, १०८, होमगार्ड, हेस्कॉम या वीज कंपनीचे लाइनमन यांना पुरस्कार द्यायचे असं बैठकीत एकमतानं ठरलं. पुढच्या बैठकीत नावांची यादी आली ती मात्र सगळी साहेबांची: डीवायएसपी, सीपीआय, तहसीलदार. त्यांच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. पण जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर झाड पडलं की भर पावसात करवत घेऊन जाणारा, अनमोडच्या बाजूला ट्रक उलटला की रात्रभर वाहतूक अडवून उभा राहणारा, खांबावर चढणारा, यातलं एकही नाव यादीत नाही आणि मला ते सहन होत नाही.

एक प्रसंग सांगते. गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीतल्या एका काकूंना रात्री दम लागला. चिखलामुळं गाडी वाडीपर्यंत येईना. १०८ रुग्णवाहिकेचा पायलट, म्हणजे चालक, आणि ईएमटी, म्हणजे पेशंटवर उपचार करणारा कर्मचारी, स्ट्रेचर घेऊन चालत आले. पाय घसरू नये म्हणून पायलटनं चपला गाडीतच काढून ठेवल्या होत्या आणि ऑक्सिजनचा सिलिंडर झोपलेल्या पोरासारखा खांद्यावर घेतला होता. काकू आज ठणठणीत आहेत. त्या माणसाचं नाव मात्र आमच्या वाडीत कुणालाच माहीत नाही. अशा माणसापर्यंत पोचायचं कसं?

दुसरं, सरकारी माणसाला पुरस्कार द्यायचा तर परवानगी कुणाची लागते? रोख रक्कम द्यावी का? आणि तारीख कुठली धरावी? काही सदस्यांचं म्हणणं आहे की २१ ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिनालाच कार्यक्रम ठेवावा. ज्यांनी असे कार्यक्रम केलेत, किंवा ज्यांच्या घरात या नोकऱ्या आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.


टिळकवाडीकर:

ताई, मी सरकारी कार्यालयात आस्थापना विभागात होतो, त्यामुळं परवानगीचं मी सांगतो. बाकीचं इतर लोक सांगतील.

सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांप्रमाणे आपल्या सन्मानासाठी भरवलेल्या समारंभाला जायला आणि मानपत्र घ्यायला आधी मंजुरी लागते. लोक काय करतात, की परस्पर त्या हवालदाराला फोन करतात. तो बिचारा नाही म्हणू शकत नाही, येतो, पेपरात फोटो छापून येतो, आणि दुसऱ्या दिवशी वरून विचारणा त्याला होते. म्हणून पत्र त्याच्या नावानं नको, त्याच्या वरिष्ठांच्या नावानं द्या. पत्रात कार्यक्रमाची तारीख, वेळ, जागा, कुणाचा सत्कार, कशासाठी, आणि हातात नक्की काय देणार हे सगळं लिहा. "शाल, स्मृतिचिन्ह व मानपत्र, रोख रक्कम नाही" असं स्पष्ट लिहिलं की मंजुरी देणाऱ्यालाही सोपं जातं. पत्र दिल्यावर पोचशिक्का घ्यायला विसरू नका.

आता कुठलं पत्र कुठं, यात आपल्याकडं हमखास घोळ होतो. बेळगाव शहराला २०१४ पासून पोलीस आयुक्तालय आहे, पण खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक हे सगळं जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. तुमचं पत्र एसपी ऑफिसला जाईल, आयुक्तांकडे नव्हे. अग्निशमनाचं तर आणखी वेगळं. कोल्हापूर, सांगलीकडे अग्निशमन दल महापालिकेचं असतं, म्हणून आपले लोकही नगरपंचायतीत जाऊन विचारतात. कर्नाटकात ते राज्याचं खातं आहे, गृहखात्याखाली. तेव्हा जिल्हा अग्निशमन अधिकाऱ्यांना लिहा. लाइनमनसाठी हेस्कॉमच्या तुमच्या उपविभागाचे अभियंते. १०८ ची सेवा सरकार बरीच वर्षं खासगी संस्थेमार्फत चालवत होतं, सध्या ती कुणाकडे आहे ते जिल्हा आरोग्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा, पत्र ती चालवणाऱ्यांच्या जिल्हा व्यवस्थापकाला द्या आणि प्रत जिल्हा आरोग्याधिकाऱ्यांना.

तुमच्या त्या पायलटचाही शोध लागेल. १०८ वर आलेल्या प्रत्येक कॉलची नोंद असते. कॉल कुठल्या नंबरवरून गेला, तारीख आणि अंदाजे वेळ एवढं दिलंत तर त्या रात्री गाडीवर कोण होतं ते त्यांना सांगता येतं. मात्र ईएमटीलाही विसरू नका. गाडी चालवणारा सगळ्यांना दिसतो. मागं पेशंटजवळ बसलेल्याकडं कुणाचं लक्ष जात नाही.


निपाणीकर:

निवडीबद्दल लिहितो. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं होतं आणि पुणे-बेंगळूर रस्ता बंद पडला होता. त्या पुरानंतर आमच्या भागात सत्कारांची रांग लागली. व्यासपीठावर जे आले त्यातले बरेच खरोखर राबलेले होते, पण ज्यांनी होड्या काढल्या, जनावरं सोडवली, ते नावाडी आणि गल्लीतली पोरं राहूनच गेली, कारण त्यांचा अर्ज भरणारं कुणी नव्हतं.

त्यावरून आम्ही आमच्या मंडळात एक पद्धत ठरवली. नाव सुचवायचं तर क्लबच्या सदस्यानं नाही, ज्याला मदत मिळाली त्यानं सुचवायचं. कोऱ्या कागदावर चार ओळी: काय झालं, कुठं झालं, या माणसानं काय केलं. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मास्तरांना किंवा आशाताईंना सांगून लिहून घ्यायचं. हे कागद दूध डेअरीत, रेशन दुकानात, प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवले. "अत्यंत कार्यतत्पर, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व" अशी वाक्यं आली की तो कागद बाजूला. "रात्री पाणी गळ्यापर्यंत असताना माझ्या सासूला पाठीवर घेऊन आला" असं आलं की त्याची चौकशी करायची. दोन वेगळ्या घरांतून एकच नाव आलं तर मग शंकाच नको.

तुमच्या तालुक्यात जंगलातल्या गावांत मोबाइलला रेंज नाही, तिथं फॉर्मची लिंक पाठवून काही उपयोग नाही. माणूस पाठवा.

आणि खाजगी माणसं, म्हणजे नावाडी, पाण्यातून मृतदेह काढणारे, झाडं तोडणारे, यांना परवानगीची अडचण नाही, पण यांच्यामागं कुठलंही खातंही नाही. पाय मोडला तर घरी बसायचं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं, वय १८ ते ७० आणि बँकेत खातं एवढंच लागतं. सत्काराच्या आधी क्लबच्या पोरांनी यांच्याबरोबर बँकेत जाऊन फॉर्म भरून दिले तरी मोठं काम होईल.


शहापूर_पेठ:

आमच्या क्लबात एकदा डीवायएसपींना पॉल हॅरिस फेलो करू या असा प्रस्ताव आला होता. तुमच्याकडंही येईल म्हणून सांगतो. रोटरी फाउंडेशनला १,००० डॉलर देणगी दिली की देणाऱ्याच्या किंवा तो सुचवेल त्याच्या नावानं ती फेलोशिप मिळते. लायन्समध्ये मेल्विन जोन्स फेलोशिप तशीच. १९०५ साली शिकागोत रोटरी सुरू करणाऱ्या पॉल हॅरिसचं नाव त्यामागं आहे, मान मोठा आहे, पण ती देणगीची पोचपावती आहे, शौर्याची नव्हे. तेवढ्या पैशांत खानापूरच्या फायर स्टेशनला आणि रुग्णवाहिकांना चांगल्या प्रतीचे हेडलॅम्प आणि रेनकोट येतील. वस्तू माणसाला न देता स्टेशनला, खात्याच्या नोंदवहीत चढवून दिल्यात की भेटवस्तूच्या नियमाचाही प्रश्न येत नाही.


बंबवाल्याची_लेक:

माझे बाबा अग्निशमनात होते, आता निवृत्त झालेत. घरात शालींचा एक ढीग आहे, तो आई दर दिवाळीला उन्हात घालते. त्या शालींविषयी मला राग नाही, पण बाबांनी त्यातली एकही कधी अंगावर घेतली नाही. त्यांनी जपून ठेवलाय तो एका बाईंचा कागद. त्यांच्या गवताच्या गंजीला आग लागली होती आणि शेजारच्या गोठ्यात म्हैस अडकली होती. त्या बाईंनी नातवाकडून लिहून घेतलं होतं, "तुम्ही आधी म्हैस सोडवली, गंजी नंतर विझवली, म्हणून आमचं घर चाललंय." बाबांचं काय कौतुक करायचं हे त्या बाईंना कळलं होतं. निपाणीकरांनी सांगितलेले ते कागद मानपत्रात जसेच्या तसे घाला. जमलं तर ते लिहिणाऱ्यालाच वाचू द्या.

कार्यक्रमाबद्दल एक कळकळीची विनंती. हे लोक ड्युटीवरून येतात आणि ड्युटीवर जातात. पाहुण्यांची वाट बघत त्यांना बसवून ठेवू नका. बाबांचा एक सत्कार असा झाला की दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अध्यक्षांचं भाषण, मागच्या अध्यक्षांचं भाषण, नव्या सदस्यांना पिन लावणं, आणि मग बाबांचं नाव. तोवर कॉल आला आणि ते निघून गेले होते. त्यांचं स्मृतिचिन्ह नंतर कुणीतरी घरी आणून दिलं. त्यांचे सत्कार आधी करा, भाषणं नंतर. घरच्यांना पहिल्या रांगेत बसवा. होमगार्डला बोलावणार असाल तर हेही बघा, की त्याला महिन्याचा पगार नसतो, ड्युटी लागेल त्या दिवसाचा भत्ता मिळतो. तुमच्यासाठी ड्युटी सोडून आला तर त्याचा तो दिवस बुडतो.

तारखेचं. २१ ऑक्टोबर नको हो. १९५९ साली त्या दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्सला चिनी सैन्याच्या हल्ल्यात १० पोलीस जवान गेले, तो शोकाचा दिवस आहे. त्या दिवशी सकाळी मानवंदनेला जा, फुलं वाहा. हारतुरे दुसऱ्या दिवशी. आमच्याकडचा, म्हणजे अग्निशमनवाल्यांचा, १४ एप्रिल तसाच. १९४४ ला मुंबईत व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक गेले. बाबा त्या दिवशी घरात कधी गोडधोड करू देत नसत.


टिळकवाडीकर:

लेकीनं फार मोलाचं लिहिलंय. तारखेत भर घालतो. आपल्या जिल्ह्यात पोलिसांचा बंदोबस्त कधी नसतो ते शोधावं लागतं. गणपती विसर्जनाला शक्यच नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत ते रस्त्यावर. १ नोव्हेंबरच्या आसपास, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिन, काय असतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, म्हणजे तालुक्यांतली माणसंसुद्धा बेळगावात. पौष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लमाची गर्दी. या सगळ्यातून जानेवारीतला एखादा रविवार पौर्णिमा टाळून निघतो. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानही असतं आणि रोटरीवाल्यांचा व्होकेशनल सर्व्हिसचा महिनाही तोच. निवडणुकीची आचारसंहिता लागलीय का तेवढं बघून घ्या.


वकील_चिकोडी:

पोलिसांच्या निवडीत एक काळजी घ्या. आरोपी पकडला म्हणून सत्कार करू नका, खटला अजून चालायचा असतो. विशेषतः लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात पोक्सो कायद्याप्रमाणे मुलाची ओळख कुठूनही उघड होता कामा नये, गावाचं नाव आणि तारीख व्यासपीठावर वाचली तरी लोक ओळखतात. जीव वाचवणं, हरवलेलं माणूस घरी पोचवणं, पुरातलं काम, अपघातातलं काम, हे निवडा. अपघातग्रस्ताला व्यासपीठावर बोलवायचं तर त्याला आधी विचारा. मागच्या फ्लेक्सवर अपघाताचे फोटो अजिबात नकोत. त्या घरातलं कुणी समोर बसलेलं असू शकतं.

शिवाय जखमीला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेणाऱ्यांसाठीही एक पुरस्कार ठेवा. आपल्याकडं लोक अजून घाबरतात, की पोलीस मागं लागतील. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १३४अ हे कलम आलंय. अशा माणसावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी दावा होत नाही, आणि नाव सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. तेच कलम पोलीस ठाण्याच्या इन्स्पेक्टरसाहेबांच्या तोंडून व्यासपीठावरून सांगितलं गेलं तर लोकांचा विश्वास बसेल. साहेबांना बोलवायचंच असेल तर या कामासाठी बोलवा.


मलप्रभाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बैठकीत हे सगळं वाचून दाखवलं. २१ ऑक्टोबर रद्द झाला, जानेवारी ठरला. साहेबांची यादी मागं पडली. सुरुवातीला कुरबुर झाली, पण म्हशीचा कागद वाचल्यावर आमच्या सर्वांत ज्येष्ठ सदस्यांनीच सांगितलं की कागद वाटायला मी स्वतः कणकुंबीला जातो. इन्स्पेक्टरसाहेबांना १३४अ बद्दल बोलायची विनंती करणार आहोत.

एकच प्रश्न उरलाय. मानपत्र कुठल्या भाषेत? पोलिसांत बरेचजण विजापूर, बागलकोटकडचे आहेत, त्यांना मराठी वाचता येत नाही. इकडं लाइनमन आणि होमगार्ड आपले. सदस्यांत यावरून दोन तट पडलेत आणि मला यात कुणाचं मन दुखवायचं नाहीये.


हलगा_मास्तर:

ज्याचा सत्कार त्याची भाषा. मानपत्र त्याच्या घरी भिंतीवर लागणार आहे, त्याच्या आईला वाचता आलं पाहिजे. विजापूरच्या हवालदाराला कन्नडमधून द्या, लोंढ्याच्या लाइनमनला मराठीतून. निमंत्रणपत्रिका दोन्ही भाषांत छापा. वरिष्ठांना जे पत्र जाईल ते मात्र सगळ्यांचं कन्नडमधून द्या. कार्यालयाचं काम कन्नडमध्ये चालतं, फाइलला लावायला सोपं पडतं, आणि त्या माणसाच्या कामाची दखल वर घेतली जावी हाच तर हेतू आहे. नावाचं स्पेलिंग मात्र दोन्ही भाषांत त्याच्या ओळखपत्रावरून तपासा.

मी दोन्ही भाषा शिकवलेल्या आहेत. मजकूर तयार झाला की इथं व्यक्तिगत निरोपात पाठवा, कन्नड मी करून देतो.


मलप्रभाकाठ:

मास्तर, पाठवते. पहिले कागद आठवड्याभरात येतील असं वाटतंय.