शब्दचर्चा : ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ आणि ‘लोड बॅलन्सिंग’

विचारणा

संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी एचएप्रॉक्सी आणि एंजिनएक्स या, संकेतस्थळाकडे येणाऱ्या विनंत्या मागच्या सर्व्हरांत वाटून देणाऱ्या, मुक्तस्रोत प्रणालींवर मराठीतून टिपणं लिहितो आहे. दोन शब्दांपाशी अडलोय. ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ला ‘उलट प्रॉक्सी’ म्हणावं का? आणि ‘लोड बॅलन्सिंग’ला ‘भारसंतुलन’? प्रॉक्सी म्हटलं की मुलांना मित्राच्या नावाने लावलेली हजेरी आठवते, आणि भार म्हटलं की भारनियमन.

प्रतिसाद १

हजेरीची प्रॉक्सी आठवली तर उत्तमच, तिथूनच सुरुवात करा. दुसऱ्याच्या वतीने हजर राहतो तो प्रॉक्सी. पुढचा प्रश्न एकच : कुणाच्या वतीने?

कार्यालयात बसवलेला साधा प्रॉक्सी, उदाहरणार्थ स्क्विड, वापरणाऱ्याच्या वतीने बाहेर जातो. संकेतस्थळाला फक्त प्रॉक्सी दिसतो, त्यामागची माणसं दिसत नाहीत. रिव्हर्स प्रॉक्सी संकेतस्थळाच्या वतीने दारात उभा असतो. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, संकेतस्थळाच्या नावापुढे प्रॉक्सीचाच पत्ता असतो, त्यामुळे ब्राउझरमध्ये काही बदलावं लागत नाही आणि मागे एक सर्व्हर आहे की चाळीस, हे बाहेर कळत नाही. ‘उलट’ म्हटलं की मुलं समजतात, माहितीचा प्रवास उलटा होतो. तसं काही होत नाही, फक्त बाजू बदलते. म्हणून मी ‘सर्व्हरच्या बाजूचा प्रॉक्सी’ असं लिहीन. लांब आहे, पण दिशाभूल करत नाही.

एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाच्या नियमांच्या, मानक दस्तऐवजात (आरएफसी ९११०, २०२२) याचं मुख्य नाव ‘गेटवे’ आहे, ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ हे त्याचंच दुसरं नाव म्हणून दिलंय. ‘५०२ बॅड गेटवे’ या त्रुटीसंदेशातला गेटवे तोच : दारातला जागेवर आहे, पण मागच्या सर्व्हरकडून त्याला धड उत्तर मिळालं नाही. उत्तर वेळेत आलंच नाही, तर ५०४.

प्रतिसाद २

बाजार समितीतला ‘अडत्या’ चालेल का? तो शेतकऱ्याच्या वतीने माल विकतो, घेणाऱ्याची गाठ त्याच्याशीच पडते. संज्ञा म्हणून नको, समजवायला मात्र नेमका आहे.

समजावताना एक गोष्ट सुटू देऊ नका. मागच्या सर्व्हरच्या नोंदींत प्रत्येक विनंती प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून आलेली दिसते. म्हणून प्रॉक्सी मूळ पत्ता ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या विनंतीच्या शीर्षात (हेडरमध्ये) लिहून पुढे पाठवतो. हे शीर्ष बाहेरचा माणूसही खोटं भरून पाठवू शकतो, त्यामुळे विश्वास ठेवायचा तो आपल्या प्रॉक्सीने लिहिलेल्यावरच.

प्रतिसाद ३

‘भारसंतुलन’ला माझा विरोध आहे, कारण बहुतेक वेळा संतुलन होतच नाही. विनंत्या वाटायच्या पद्धती बघा. ‘राउंड रॉबिन’मध्ये पाळी सारखी मिळते, काम सारखं मिळत नाही. एका सर्व्हरच्या वाट्याला छोटं चित्र येतं, दुसऱ्याच्या वाट्याला अर्धा मिनिट चालणारा अहवाल. ‘लीस्टकॉन’ ज्याच्याकडे सध्या सर्वांत कमी जोडण्या त्याच्याकडे पाठवतो. एचएप्रॉक्सीची दस्तऐवजं तो लांब चालणाऱ्या सत्रांसाठी सुचवतात. ‘सोर्स’ पद्धतीत तर संतुलनावर जाणूनबुजून पाणी सोडलेलं असतं : वापरणाऱ्याच्या पत्त्यावरून सर्व्हर ठरतो, म्हणजे एकाच बाह्य पत्त्यामागचं अख्खं महाविद्यालय एकाच यंत्रावर जाऊन पडू शकतं. या साऱ्यांत समान आहे ते वाटप. ‘भारवाटप’ म्हणा.

आणि ही प्रणाली निव्वळ भारासाठी आलेलीच नाही. विली तारो यांनी २००१मध्ये आणलेल्या एचएप्रॉक्सीच्या नावातलं ‘एचए’ म्हणजे ‘हाय अव्हेलेबिलिटी’, सतत उपलब्धता. एखादा सर्व्हर पडला तर त्याची पाळी बंद व्हायला हवी. एचएप्रॉक्सीत तपासणी चालू केली की, वेगळं काही ठरवलं नसेल तर, ती दर २ सेकंदांनी होते. लागोपाठ ३ वेळा नापास झालेला सर्व्हर यादीतून बाहेर, २ वेळा पास झाला की परत आत. इगोर सिसोएव यांचा एंजिनएक्स (पहिली जाहीर आवृत्ती २००४) त्याच्या मुक्तस्रोत रूपात वेगळी तपासणी पाठवत नाही, खऱ्या विनंत्या फसल्या की त्यावरूनच ओळखतो. हा फरक टिपणात जरूर यावा. पाळी बंद करणारी तपासणी मुलांना कळली, तर शब्द कुठलाही असो, त्यांचं अडणार नाही.

विचारणा करणारा

‘भारवाटप’ घेतला. प्रॉक्सी तसाच ठेवतो, पहिल्या उल्लेखात ‘सर्व्हरच्या बाजूचा’ जोडतो. आता ‘अपस्ट्रीम’? एंजिनएक्समध्ये मागच्या सर्व्हरांच्या गटाला तेच नाव आहे.

प्रतिसाद १

आज्ञावलीतला शब्द जसाच्या तसा राहू द्या, तो बदलला तर एंजिनएक्स सुरूच होणार नाही. वाक्यात ‘उगमाकडचे सर्व्हर’ लिहा. उत्तराचा प्रवाह तिकडून ब्राउझरकडे येतो, म्हणून वरची बाजू ती. विनंती त्या प्रवाहाविरुद्ध चढते. आकृतीत बाण काढताना उत्तराचा बाण ठळक काढा, मुलांचा गोंधळ तिथेच होतो.