मदत हवी आहे: जर्मनीत बिझनेसचे क्लासेस सुरू करायचे आहेत, शुक्रवारच्या आत सांगा

धंतोलीचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, सध्या जर्मनीत आहे. बिझनेसचे क्लासेस सुरू करायचे म्हणतो. दोन-तीन नावं डोक्यात आहेत, पण पहिलं कोणतं घेऊ समजून नाही राहिलं. शुक्रवारी बंद होऊन राहिलं, म्हणून लवकर सांगा. "गुगल कर" म्हणू नका, करून झालं.

तर्री_जास्त
करू नको भाऊ. विद्यार्थी म्हणून गेला असशील तर तिथल्या परदेशी नागरिक कचेरीच्या परवानगीशिवाय स्वतःचा धंदा करता येत नाही. नोकरी कर, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस चालते. फुकट व्हिसाच्या भानगडीत पडशील.

संत्रानगरीकर_काका
घाबरवू नका हो पोराला. अभिनंदन! मी प्रतापनगरात कॉमर्सचे क्लासेस चालवत म्हातारा झालो, म्हणून अनुभवाने सांगतो. पहिल्या बॅचची फी कमी ठेव, डेमो लेक्चर फुकट दे, आणि जागा भाड्याने घेऊच नको. पालकांना महिन्यातून एकदा फोन केलाच पाहिजे, तोंडी जाहिरात त्यातूनच होते. नाव काय ठेवणार?

धंतोलीचा_पोट्टा
काका, मला क्लास काढायचे नाहीत, क्लासला बसायचं आहे. शिकायचं आहे!

संत्रानगरीकर_काका
मग तसं लिहायचं ना बाप्पा. आमच्याकडे क्लासेस सुरू केले म्हणजे पाटी लावली.

हिवाळी_अधिवेशन
मी तिथे दोन वर्षं काढली आहेत. आधी हे सांग: पूर्ण पदवी की एक्सचेंज? ब्रँच कोणती? जर्मन किती येते? क्रेडिट हवेत की नुसतं शिकायचं? आणि शुक्रवारी नेमकं काय बंद होतंय?

धंतोलीचा_पोट्टा
एक्सचेंज, एकच सत्र. मेकॅनिकल, तिसरं वर्ष. जर्मन ए२, म्हणजे जेमतेम बोलण्यापुरती. शुक्रवारी लर्निंग ॲग्रीमेंट, म्हणजे इथे कोणते कोर्स करणार त्याचा कॉलेजशी ठरलेला कागद, बदलायची मुदत संपते. क्रेडिट अर्थातच हवेत, नाहीतर माझ्या कॉलेजातले दोन ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे ब्रँचबाहेरचे निवडीचे विषय, परत गेल्यावर करावे लागतील.

हिवाळी_अधिवेशन
यातलं एक अक्षर पहिल्या पोस्टमध्ये नव्हतं, आणि तू "अर्थातच" म्हणतोस!
आता ऐक. कोर्सच्या यादीत भाषेचा रकाना आधी बघ. बीडब्ल्यूएल, म्हणजे त्यांचं बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन, पदवीला बहुतेक ठिकाणी जर्मनमध्येच असतं. ए२ वर दुसऱ्या तासाला तू खिडकीबाहेर बघत बसशील. "बुखफ्यूरुंग" दिसलं तर तेही सोड. जमाखर्चाची मूळ तत्त्वं तीच, पण सगळं त्यांच्या व्यापार कायद्यावर बेतलेलं. नागपुरात त्याचा काय उपयोग? इंग्रजीत कॉस्ट अकाउंटिंग किंवा मायक्रोइकॉनॉमिक्स असेल तर ते घे.
आणि कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेला घातलं असं नाही. परीक्षेची नोंदणी बहुतेक ठिकाणी वेगळी, तिची मुदतही वेगळी. मी पहिल्या सत्रात हेच चुकवलं. चार महिने पहिल्या बाकावर बसले आणि परीक्षेच्या यादीत माझं नावच नाही.

व्हेरायटी_चौक
एवढं कशाला? आयआयएम बंगळूरचे मॅनेजमेंट कोर्स सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन पोर्टलवर फुकट आहेत. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून घेता येतात. जर्मनीत जाऊन बिझनेस शिकणं म्हणजे बर्डीवर जाऊन घरचेच पोहे खाणं.

हिवाळी_अधिवेशन
यूजीसीने मुभा दिली म्हणून कॉलेजने दिली असं होत नाही. कॉलेजने तो कोर्स आधी मान्य करावा लागतो. आणि पोरगा तिकडे आहेच, विमानाचं भाडं वसूल तरी करू द्या.

व्हेरायटी_चौक
बरं, मग हेही सांगा त्याला, की तिकडचे ५ क्रेडिट म्हणजे इकडचे अडीच. दोनास एक. आमच्या कॉलेजात हेच चालतं.

हिवाळी_अधिवेशन
तुमच्या कॉलेजात. तिकडे वर्षाला ६० ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट, इकडे नव्या राष्ट्रीय क्रेडिट चौकटीत वर्षाला ४० क्रेडिट. म्हणजे तिनास दोन, सहाचे चार. तासांनी मोजलं तर आणखी चांगलं: तिकडचा एक क्रेडिट २५ ते ३० तासांचा, इकडचा ३० तासांचा. पण शेवटी तुझे एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, कागदावर काय लिहून देतात तेच खरं, पोट्ट्या. फोनवरचं "हो हो, होऊन जाईल" धरू नको.

महालची_मावशी
दिवाळीला येणार का रे? फराळाचं पार्सल कोणाकडून पाठवतात? संत्रा बर्फी चालेल का?

तर्री_जास्त
मावशी, बर्फीत खवा असतो. बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये पार्सलने पाठवायला बंदी आहे. चकली, शेव पाठवा.

धंतोलीचा_पोट्टा
कृपया विषयावर राहा 🙏 खरं सांगायचं तर बाबांचं गांधीबागेत कापडाचं होलसेल दुकान आहे. दोन वर्षांत मलाच बघायचं आहे. उधारी किती, माल किती पडून, कोणत्या थानात किती सुटलं, हे बाबांच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. म्हणून हे सगळं.

संत्रानगरीकर_काका
हे आधी सांगितलं असतं तर! मग जर्मनी कशाला, बाबांच्या गादीवर सहा महिने बस. रोकड आणि खतावणी स्वतः लिहून काढ. उधारी वसूल करणं कोणत्याच विद्यापीठात शिकवत नाहीत.

हिवाळी_अधिवेशन
काका, रोकड-खतावणीने उधारी दिसेल, पण एका थानामागे किती सुटलं ते कसं दिसेल? त्याचंच नाव कॉस्ट अकाउंटिंग. पोट्ट्या, तोच एक घे, दोन नको, सोबत तुझे मशीनचे विषयही आहेत. एचओडींना आजच कोर्सचा अभ्यासक्रम ईमेल कर आणि मग फोन कर. तुझ्याकडे दीड वाजतात तेव्हा इथे पाच वाजतात आणि सर निघतात. आणि हो, तिकडे १.० सगळ्यात चांगले आणि ४.० ला काठावर पास. गुणपत्रिका घरी पाठवताना हे आधी सांग, नाहीतर बाबा चार बघून पेढे वाटतील.

धंतोलीचा_पोट्टा
सही मिळाली. कॉस्ट अकाउंटिंग, ६ चे ४, कागदावर. परीक्षेची नोंदणी नोव्हेंबरात आहे, फोनमध्ये गजर लावला.
पण सरांनी फोनवर पहिलंच विचारलं, "काय रे, तिकडे क्लासेस काढून राहिला म्हणे?" हा धागा त्यांना कोणी पाठवला?

संत्रानगरीकर_काका
ते माझे विद्यार्थी आहेत.