प्रतिसाद : मोटर बसवणं सोपं, बाकीचं बघा

जुन्या मारुती ८०० चं इंजिन काढून मोटर आणि बॅटरी टाकली की झाली इलेक्ट्रिक गाडी, असं तुम्ही म्हणताय. मोटर गिअरबॉक्सला जोडणं खरंच तितकंसं अवघड नाही. मधली अ‍ॅडॅप्टर प्लेट चांगल्या लेथवाल्याकडून करून घ्या, केंद्र जरा जरी हुकलं तरी गाडी थरथरते.

घोळ होतो तो इंजिनाबरोबर गुपचूप निघून जाणाऱ्या गोष्टींचा. ब्रेकला बूस्टर (पेडल हलकं करणारा भाग) असेल तर त्याला लागणारा व्हॅक्यूम इंजिनातूनच येतो. इंजिन गेलं की पेडल दगडासारखं होतं, म्हणून वेगळा इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप हवाच. इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर गेला, म्हणजे दिवे, वायपर, हॉर्न यांच्या १२ व्होल्टसाठी मोठ्या बॅटरीचे व्होल्ट उतरवून देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर आला.

बॅटरीचं गणित: ३.२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरचे २४ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल घेतले तर ७६.८ व्होल्ट आणि साधारण १५ युनिट वीज साठते. किलोमीटरला १२० वॅट-अवर धरले तर शंभरेक किलोमीटर आरामात. पण ७६ व्होल्ट डीसीचा झटका गंमत नव्हे. पॅकला बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट), फ्यूज आणि हाताने तोडता येणारा स्विच लावल्याशिवाय पाना उचलू नका. पाना शॉर्ट झाला तर वितळतो!

आणि कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ स्वतःच्या मनाने केलेला असा बदल चालवून घेत नाही. मान्यताप्राप्त किट, अधिकृत बसवणारा आणि आरसीवर इंधनाची नवी नोंद, हे नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. घरच्या आवारात फिरवायची असेल तर मात्र खुशाल करा, मीही येईन बघायला.