मदत हवी आहे: दोन गावांचं एकच गायरान, त्यावर सौर प्रकल्प. ठराव कसा लिहावा?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, जिरायती टापूत. ओढ्याच्या वरच्या अंगाला मोठा माळ आहे. सातबाऱ्यावर कब्जेदार महाराष्ट्र शासन, इतर हक्कात गुरचरण. पूर्वी शेजारच्या गावाशी मिळून ग्रुप ग्रामपंचायत होती. ती फुटली, माळ मात्र दोघांचाच राहिला. जमीन आमच्या हद्दीत, गुरं-मेंढरं दोन्ही गावांची.

आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये हा माळ घ्यायचं चाललंय, कारण विजेचं उपकेंद्र जवळ आहे. शेतीला दिवसा वीज मिळतेय तर नको कोण म्हणेल? रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणाऱ्यांत मीही आहे. शिवाय ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल ५ लाख मिळतात. तेव्हा मला प्रकल्पविरोधी म्हणू नका.

अडचण अशी की पाहणी झाली एप्रिलमध्ये. तेव्हा माळावर मुरूम आणि खुरटी बाभळ, दुसरं काय दिसणार? शेरा पडला: पडीक, वापर नाही. आमचे मेंढपाळ दिवाळीनंतर कोकणात उतरतात ते मृगाच्या तोंडावर परततात, आणि पावसाळा याच माळावर काढतात. श्रावणात या म्हणावं. पवना, कुसळी गुडघ्याला लागते, गवताच्या बुडख्याशी चंडोलाची घरटी असतात. जुन्या मुरमाच्या खाणीपलीकडे खोकडाची बिळं आहेत. परवा एकाच्या तोंडाशी खेकड्याच्या नांग्या पडलेल्या दिसल्या. माळाचं पाणी दोन ओघळींनी पाझर तलावात जातं. सपाटीकरणात ओघळी बुजल्या तर फटका शेजारच्या गावच्या विहिरींना, आणि ठराव करणार आम्ही!

एक गट म्हणतो, प्रकल्प हाकला आणि झाडं लावा. गवताळ माळावर खड्डे घेऊन रोपवन केलं की मेंढरंही गेली आणि चंडोलही.

माझ्या मते खाणीकडची खरवडलेली बाजू द्यावी, ओघळी आणि गवत मोकळं ठेवावं. कमी पडेल ती जमीन खासगी घ्यावी. योजनेत हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार भाडं आहे, देणारे निघतील. हे ठरावात कसं मांडायचं? शेजारच्या गावाचा ठराव जोडावा का? मोजणी कोणी मागायची? आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावासारखा सामूहिक वनहक्काचा (गावाने मिळून जंगलावर सांगायचा) दावा करता येईल का?

प्रतिसाद १

मेंढा-लेखाला २००९ मध्ये हक्क मिळाला तो वनजमिनीवर. तुमचं महसुली गुरचरण. कुठेच वन अशी नोंद नसेल तर २००६ चा वनहक्क कायदा सोडून द्या. जमीन महसूल संहितेचं कलम २२ आणि १२ जुलै २०११ चा शासन निर्णय धरा. गावच्या सामाईक जमिनीवरच्या अतिक्रमणाच्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच वर्षी जानेवारीत लागला, त्यानंतरचा हा निर्णय. गायरान द्यायचं ते सार्वजनिक कामासाठी, तेही दुसरी जमीन नसेल तर, असा त्याचा रोख आहे. सौर प्रकल्प सार्वजनिक आहे की नाही यावर वाद घालत बसू नका, त्यात हराल. दुसरी जमीन आहे हे दाखवा: तयार शेतकऱ्यांची संमतीपत्रं, गट नंबर, उपकेंद्रापासूनचं अंतर.

जमीन शासनाची, त्यामुळे शेवटचा शब्द जिल्हाधिकाऱ्यांचा. शेजारच्यांचा ठराव जोडाच. हद्द कायम मोजणीसाठी ग्रामपंचायतीने भूमी अभिलेखकडे अर्ज करावा, ओघळी नकाशावर दाखवून घ्याव्यात. चराईचे महिने, कळप, गवतं हे सगळं लोक जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या जीवसृष्टीच्या नोंदींच्या वहीत, घाला. २००२ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधतेची समिती असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती फळ्यावरच असते, ते सोडा.

धागाकर्ता

आभारी आहे. नोंदवही दप्तरात सापडली. कुणीतरी बसल्या जागी भरलेली दिसते, आमच्या माळावर साग लिहिलाय! दुरुस्ती समितीच्या ठरावाने होते का? मेंढपाळ गावात आहेत तोवर ग्रामसभा लावायची आहे, म्हणजे त्यांच्याही सह्या होतील. कुणाच्या गावात असा अर्धा-अर्धा ठराव झाला असेल तर मसुदा इथे टाका.