स्टीव्ह इरविनने लावलेली ओढ आणि गोदामात मारली गेलेली धामण

पूर्वभागकर

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले आणि सध्या अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील चादरींच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम करते. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे. प्राणिशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या पुस्तकापुरताच. हे आधीच सांगते, कारण माझा प्रश्न काहींना बालिश वाटेल.

आई घरी विड्या वळत असे. आमच्याकडे टीव्ही नव्हता, म्हणून शेजारच्या काकूंच्या उंबऱ्यावर बसून मी स्टीव्ह इरविनचा हिंदीत डब केलेला कार्यक्रम पाहत असे. खाकी अर्धी चड्डी घातलेला तो ऑस्ट्रेलियन गृहस्थ मगरीच्या पाठीवर झेप घेई, विषारी साप हातात धरी आणि घरात आलेल्या नव्या सुनेचे करावे तसे त्या सापाच्या रूपाचे कौतुक करी. आमच्या वस्तीत सापाच्या वाट्याला नागपंचमीला दूध-लाह्या येत आणि उरलेले वर्षभर काठी. त्याच्याकडे टक लावून पाहताही येते, हे मला त्या परक्या माणसामुळे समजले. ४ सप्टेंबर २००६ रोजी समुद्रात चित्रीकरण करताना पाकट माशाचा काटा छातीत घुसून तो गेला. गणपतीचे दिवस होते, घरात आरती चालली होती आणि पंधरा वर्षांची मी मोरीत जाऊन रडले होते.

त्यानंतर मी केले ते इतकेच: कारखान्याबाहेरच्या आणि सुट्टीच्या दिवशी नान्नजच्या अभयारण्याकडे जाताना रस्त्याकडेच्या भटक्या कुत्र्यांना पोळ्या घातल्या, पडलेली पिल्ले घरट्यात ठेवली, उन्हाळ्यात गच्चीवर पाण्याची भांडी मांडली. गेल्या जूनमध्ये मात्र आमच्या सुताच्या गोदामात साप निघाला. ती धामण होती, हे मला दुरूनच कळले होते. फणा नव्हता, डोळे मोठे होते, बाहुली गोल होती. सुताच्या कोनांमागच्या उंदरांसाठीच ती आली असणार. मी तोंड उघडेपर्यंत चार जणांनी तिला लोखंडी नळ्यांनी ठेचले होते. ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही, आणि खरे सांगायचे तर त्यापेक्षा माझे गप्प राहणे अधिक सलते.

म्हणून विचारते: मी साप पकडण्याचे प्रशिक्षण घ्यावे का? प्राणिशास्त्राची पदवी नसलेल्या, नोकरी आणि एक लहान मुलगा सांभाळणाऱ्या बाईने पडद्यावरच्या माणसाकडून घेतलेल्या या ओढीचे नेमके करावे तरी काय?

सर्पमित्र होटगी

ताई, अठरा वर्षे साप सोडवण्याचे काम केल्यानंतर मी आपल्याला आग्रहाने सांगेन की, सुरुवात साप पकडण्यापासून करू नका. आपण ज्यांचे कार्यक्रम पाहिलेत, त्यांच्या आई-वडिलांनी १९७० साली क्वीन्सलँडमधील बीरवा येथे सरपटणाऱ्या प्राण्यांचे उद्यान सुरू केले होते. वडील मूळचे प्लंबर, आई परिचारिका; पण मुलाला चालता येऊ लागले तेव्हापासून त्याच्याभोवती साप आणि मगरी होत्या. पुढे ऐंशीच्या दशकात, माणसांच्या वस्तीजवळ आल्यामुळे गोळी खाण्याची वेळ आलेल्या मगरी जिवंत पकडून हलवण्याचे सरकारी काम त्याने स्वयंसेवक म्हणून वर्षानुवर्षे केले, आणि त्यात बहुतेक वेळा सोबतीला एक कुत्री आणि एक होडी एवढेच असे. दूरचित्रवाणीवरची मालिका १९९६ साली आली. आपण अर्ध्या तासात पाहिलेल्या झेपेमागे ही सगळी वर्षे होती. आमच्या क्षेत्रातली कित्येक तरुण मुले फक्त झेप उचलतात, नागाला गळ्यात घेऊन मोबाइलसमोर उभी राहतात, आणि त्यांतल्या काहींच्या तिरडीला मी खांदा दिला आहे.

गोदामात साप निघाला तर लोकांना दहा-बारा फूट मागे हटवा, एका माणसाला सापावर फक्त नजर ठेवायला सांगा, कारण नजरेआड झालेला साप शोधणे फार अवघड असते, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करा. एवढे आपण त्या दिवशी केले असते तरी धामण वाचली असती. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही; हे काम हाताचे नसून आवाजाचे आहे, आणि आवाज आपल्याकडे आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

शिवाय कामगारांना दंशाविषयी सांगा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर आपल्याकडचे प्रतिविष चालते. जखम कापणे, चोखणे, दोरीने करकचून बांधणे यांतले काहीही न करता, दंश झालेला अवयव न हलवता रुग्णाला थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावे. मण्यारीचा दंश बऱ्याचदा झोपेत होतो आणि तो फारसा दुखतही नाही, त्यामुळे पहाटे पोटात दुखते किंवा पापण्या जड झाल्या अशी तक्रार आली, तरी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

माळकरी

मी निवृत्त शिक्षक आहे, आणि इरविनविषयी माझे मत वरच्या दोघांइतके कोमल नाही. २००४ साली त्याने आपल्या महिन्याभराच्या बाळाला एका हातात धरून दुसऱ्या हाताने मगरीला खाऊ घातले, तेव्हा जगभर टीका झाली आणि ती योग्यच होती. वन्यप्राण्याला हात लावून दाखवणे म्हणजे प्रेम, हा समज अशा कार्यक्रमांनी पसरवला. त्याच्या मृत्यूनंतर क्वीन्सलँडच्या किनाऱ्यांवर शेपट्या छाटलेले किमान दहा पाकट मासे मेलेले सापडले. बहुधा चाहत्यांनीच सूड उगवला असावा. त्याच्याच संस्थेला या प्रकाराचा निषेध करावा लागला. ज्याने आयुष्यभर नावडत्या प्राण्यांची बाजू घेतली, त्याच्या नावाने हे घडले!

आता ताईंच्या कुत्र्यांविषयी. हे वाचून वाईट वाटेल, पण लिहिणे भाग आहे. नान्नजच्या रस्त्यावर, माळाच्या कडेला पोळ्या घालणे कृपया थांबवावे. त्या पोळ्यांवर पोसलेली कुत्री काळविटांची पाडसे मारतात, जमिनीवर घरटी करणाऱ्या माळटिटवीची आणि धाविकाची अंडी खातात, आणि लांडग्यांना रोग देतात. पुणे जिल्ह्यात तर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा जनुकीय पुरावाही मिळाला आहे, म्हणजे जात मरण्याआधी विरघळूही शकते. कारखान्यासमोरच्या कुत्र्यांना अवश्य घाला, मात्र त्यांच्या निर्बीजीकरणाची आणि रेबीजच्या लशीची जबाबदारीही घ्या.

आपल्या जिल्ह्याला पडद्यावरचा नायक मिळाला नाही, पण माळढोक पक्षी मिळाला होता. १९७९ साली त्याच्यासाठी नान्नजसह अभयारण्य जाहीर झाले, त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे आली, शेते आली आणि जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली. मग 'माळढोक आला की सात-बारा अडकला' असे लोक म्हणू लागले आणि त्या बिचाऱ्या पक्ष्याचा राग करू लागले. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, तोवर पक्षी जवळजवळ संपला होता. वर्षाला बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर. अंगाने इतका जड आणि समोरचे इतके कमी दिसणारा, की उडताना विजेची तार वेळेवर दिसत नाही, आणि दिसली तरी चुकवता येत नाही. आज जगात मोकळ्या माळावर जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरले असावेत, आणि जे आहेत त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत.

या एका ठिकाणी मी इरविनला मान देतो. मगरीसारख्या प्राण्याची बाजू त्याने लोकांच्या गळी उतरवली. माळढोकाची बाजू आम्हाला आमच्याच गावकऱ्यांच्या गळी उतरवता आली नाही. पडीक माळ म्हणजे वाया गेलेली जमीन, हे आम्हीच मुलांना शिकवत राहिलो.

जाता जाता एक गोष्ट. ज्या २००६ साली आपण मोरीत रडलात, त्याच वर्षी सोलापुरात साहित्य संमेलन भरले होते आणि अध्यक्ष होते मारुती चितमपल्ली. ते १९३२ साली याच शहरात, तेलुगू भाषक घरात जन्मले, त्यांनी छत्तीस वर्षे वनखात्यात काढली आणि जून २०२५ मध्ये याच शहरात देह ठेवला. ते झेप घेत नसत, बसून ऐकत असत. आपल्या पूर्व भागातल्या मुलांना हे नाव माहीत असेल, अशी आशा आहे.

पूर्वभागकर

सर, चितमपल्लींचे नाव ऐकले होते, पण ते आमच्यासारख्याच घरातले होते हे ठाऊक नव्हते. कुत्र्यांविषयी वाचून दोन दिवस उत्तर लिहिले नाही, कारण राग आला होता. काल नान्नजच्या रस्त्यावर पोळ्या न घालता नुसती गाडी थांबवली, तर चार कुत्री धावत आली आणि मग माळात शिरली. पुढे काय झाले ते दिसले नाही, पण ती कुठे गेली ते दिसले.

होटगीच्या दादांनी सांगितलेल्या सूचना मी मराठी, तेलुगू आणि हिंदीत लिहून गोदामाच्या दारावर लावल्या आहेत. 'बाईंना सापाचे भारी वेड' अशी चेष्टा झाली, तरी वखारीतल्या एकाने तो १९२६ क्रमांक मोबाइलमध्ये साठवला. त्या दिवशी नळी उचलणाऱ्या चौघांपैकीच तो एक.

इरविनवरचे माझे प्रेम मात्र सर कमी करू शकले नाहीत. त्या मगरीसमोर बाळ धरणे चूक होते, हे मान्य. पण उंबऱ्यावर बसलेल्या मुलीला सापाकडे बघायला त्याने शिकवले, तेव्हा सोलापुरात मला ते शिकवायला दुसरे कोणी आले नव्हते.

येत्या रविवारी मुलाला घेऊन नान्नजला येण्याचा विचार आहे. काय घालून यावे?

माळकरी

हे शेवटचे खरे आहे, आणि त्यात माझ्यासारख्या शिक्षकांचाही दोष आहे.

वनविभागाच्या कार्यालयात आधी परवानगी घ्या. बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर आहे. उजाडण्यापूर्वी पोहोचलात तर काळवीट आणि चंडोल नक्की भेटतील, हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षीही येतात. नशीब असेल तर खोकड. पाणी, टोपी, मुलासाठी शेंगाची चटणी आणि भाकरी. पांढरे किंवा भडक कपडे नकोत, माळाच्या रंगाशी मिळणारे असावेत. खाकी चालेल.