मदत हवी आहे: खेड्यातल्या पाळकांचा (चर्चच्या पास्टरांचा) बर्नआउट वेळीच कसा ओळखायचा?

मेळघाट-यवतमाळकडचे पाळक, बायबल स्त्रिया (घरोघरी जाऊन बायबल सांगणाऱ्या सेविका) यांच्यासाठी एका पानाची यादी करतोय. आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेचं आरोग्य-वर्गीकरण) बर्नआउटच्या खुणा तीन: न उतरणारा थकवा, कामाबद्दल तुटलेपणा, आणि हातून काही होत नाही ही भावना. पहिली सगळ्यांना दिसते. दुसरी निसटते, कारण रविवारचा उपदेश चालूच असतो. पण घरभेटी टळतात, फोन वाजत राहतो पण उचलला जात नाही, मंडळीतल्या (चर्चमधल्या) माणसांबद्दल तिरकस बोलणं वाढतं, प्रार्थना फक्त व्यासपीठावर उरते. (लोक याला विश्वास कमी पडला म्हणतात. पण खचून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश नाही केला, उठून खायला सांगितलं. १ राजे १९.)

हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासायला लिहिलंच आहे; थकवा त्यांच्या बिघाडामुळेही येतो. सुटीतही उदासी हटत नसेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर लगेच टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६.

अडतंय ते पुढे. चार-पाच गावं सांभाळणाऱ्या पाळकाला सोमवार मोकळा द्यायचा, तर त्या दिवशी मयत किंवा दवाखाना निघाला की जायचं कोणी? मंडळीच्या वडीलजनांच्या (चर्चच्या निवडलेल्या जबाबदार सभासदांच्या) पाळ्या लावून हे कुठे चाललंय का? आणि यादीतले प्रश्न पाळकाला विचारावेत की पाळकीणबाईंना? बदल आधी घरातच दिसतो.